गणपतीत दुपारी दोन ते साडेतीन चूल बंद: जमवायचं कसं?

माजघर | सोमवार, रात्री ८.४०

बेणणी (भातातलं तण काढणं) उरकत आली. गणपतीचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत पोचला. आता चाकरमान्यांचे फोन सुरू होतील, तिकीट कन्फर्म झालं का, कितीजण येणार, कोण किती दिवस राहणार.

या धाग्यात सजावट नको, मोदकांचे फोटोही नकोत. प्रश्न एवढाच आहे: पंधरा-वीस माणसांच्या घरात, पाच किंवा सात दिवस, रांधणाऱ्या बाईला दुपारी दीड तास आडवं व्हायला कसं मिळेल? 'सगळ्यांनी मिळून करा' हे उत्तर चालणार नाही. ते दरवर्षी ओटीवर बसून दिलं जातं आणि देणारा लगेच पत्त्यांना लागतो. मापं, वेळा आणि वस्तू सांगा.

चतुर्थीचा दिवस साधारण असा असतो. पाचला सडा. सहाला न्हाणीची चूल. सातला घावण्यांचा पहिला घाणा. नऊपासून नैवेद्य. साडेबाराला आरती, एकला पहिली पंगत, दोनला बायकांची. भांडी चारपर्यंत. आणि चारला ओटीवरून हाक, 'चहा झाला काय गो?' तिथून रात्री बाराच्या भजनापर्यंत पाय जमिनीला टेकलेलेच. म्हणजे एकोणीस तास, आणि हे लावणी-बेणणीत वाकून वाकून पाठ गेलेली असताना. साध्या दिवसाचा हिशोबही काही वेगळा नाही. २०१९च्या देशपातळीवरच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७.

माझं म्हणणं असं: दोन ते साडेतीन ही वेळ आधी कागदावर लिहायची आणि कामं तिच्या अलीकडे-पलीकडे सरकवायची. 'वेळ उरला की पडते जरा' म्हटलं की वेळ उरत नाही. काय काय सरकवता येईल, बोला.

खवणी | सोमवार, रात्री ९.२५

मोदकांपासून सुरुवात करू, कारण चतुर्थीची दुपार तेच खातात.

आधी मोजणी. २० माणसं, प्रत्येकी ३, वर नैवेद्याचे २१ म्हणजे ८१. मध्यम मोदक धरला तर एका सपाट वाटी पिठात (सुमारे १२५ ग्रॅम) ९-१० होतात. म्हणजे नऊ वाट्या पीठ, सव्वा किलोच्या जरा आत. एका मध्यम नारळाचं खोबरं दोन वाट्या, त्याला एक वाटी चिरलेला गूळ, आणि त्यात बारा मोदक भरतात. सात नारळ आणि किलोभर गूळ काढून ठेवा.

सारण चतुर्थीला करायचंच नाही. फ्रीज असेल तर हरतालिकेच्या आदल्या दिवशी करून झाकून ठेवा, तीन दिवस सहज राहतं. फ्रीज नसेल तर हरतालिकेच्या संध्याकाळी करा, भाद्रपदाच्या दमट हवेत ओलं खोबरं त्याहून जास्त धीर धरत नाही. सारण कढईच्या कडेने सुटून ओलसर गोळा झाला की उतरवायचं. पुढे परतत बसलात तर गार झाल्यावर चिक्कीसारखं कडक होतं. लवकर उतरवलं तर गुळाचं पाणी सुटतं आणि वाफेवर मोदकाचं बूड फुटतं. गार झालं की लगेच ८१ गोळ्या वळून डब्यात मोजून ठेवा. चतुर्थीला फक्त उचलायचं आणि ठेवायचं.

उकड मात्र त्याच वेळी, आणि एकदम नऊ वाट्यांची कधीच नाही. तीन-तीन वाट्यांचे तीन घाणे. पिठाइतकंच पाणी (तांदूळ नवा असेल तर दोन चमचे कमी), वाटीमागे चमचाभर तूप, मीठ. पाणी खळखळलं की पीठ टाका, कालथ्याच्या दांड्याने ढवळा, झाकून एक वाफ, गॅस बंद, पाच मिनिटं तसंच. मग परातीत काढून गरम असतानाच वाटीच्या बुडाने रगडा आणि शेवटी तेल-पाण्याच्या हाताने मळा. पारीला कडेने चिरा जातात त्याची कारणं दोनच, मळणं कमी पडलं किंवा उकड गार झाली. गार झालेली उकड पुन्हा दोन-तीन मिनिटं वाफवून मळली की वठणीवर येते, पाणी ओतत बसू नका. वळलेले मोदक ओल्या फडक्याखाली अर्धा तास थांबतात. हळदीच्या पानावर १० ते १२ मिनिटं वाफ, पाणी आधीपासून उकळतं हवं.

आता वेळ. हातवळणीच्या मोदकाला सरावलेल्या हातालाही दीड-दोन मिनिटं लागतात. ८१ वळायचे तर अडीच तास एका जागी. त्यापेक्षा नैवेद्याचे २१ हाताने वळा (पाऊण तास) आणि उरलेले ६० साच्याने. साच्याला मिनिटभर लागतं आणि दहा वर्षांचं पोरही करतं. साच्याचा मोदक पानात चालत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, ते आत्यांनी लिहिलंय.

देवगडचो झील | सोमवार, रात्री १०.०५

खवणी, तुमचो हिशोब झकास. पण ते सात नारळ खवतलो कोण, ता आधी सांगा.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर मुंबैकारांका कळाचा नाय.

पुरुषांना 'मदत करा' म्हणू नका. मदतीला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. काम असं द्यायचं की त्याला नाव, वेळ आणि मोजता येणारा आकडा हवा. नारळ सोलणं आणि आडाळ्यावर खवणं हे पुरुषाचं काम. सवयीच्या हाताला नारळामागे पाच-सात मिनिटं, म्हणजे सात नारळांना पाऊण तास. नवशिक्या काळी पाठ खरवडून सारणात पाडतो, म्हणून त्याला सांगायचं, करवंटी फिरवत राहा, एकाच जागी घासू नको.

केळीची पानं: वीस माणसं, दोन वेळा, चाळीस पानं. आदल्या संध्याकाळी तोडून, पुसून, उभी गुंडाळून ठेवायची. पान मांडताना चिरत असेल तर निखाऱ्यावरून झटकन फिरवलं की मऊ पडतं. पानं वापरली की चाळीस ताटं धुवायची वाचतात, तिथेच अर्धा तास निघाला.

भजनाचा चहा: हा तर पुरुषांनीच करायचा, कारण भजनही तेच करतात. ३० कप, १०० मि.ली.चे: पाणी २ लिटर, दूध सव्वा लिटर, चहा पावडर ७० ग्रॅम, साखर पाव किलो ते ३०० ग्रॅम, परसातली गवती चहाची दोन-तीन पानं, आलं. नऊच्या आत उकळून, गाळून दोन मोठ्या थर्मासांत भरायचा. साडेअकराला कुणाला उठवायचं काम नाही. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या, नाहीतर भजन संपेपर्यंत चहा कोमट.

कागद ओटीच्या दारावर लावा. 'मुलगे' असं लिहू नका, एकेकाचं नाव लिहा. 'मुलगे' नावाचो माणूस आजपर्यंत कोणाच्या घरात गावलो नाय.

माजघर | सोमवार, रात्री १०.२०

शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं आहे. एक भर: काम दिल्यावर मागे उभं राहून बघायचं नाही. खोबऱ्यात करवंटीचा तुकडा गेला तर गेला. तपासायला उभी राहिलात तर विश्रांती तिथेच संपली, आणि पुढच्या वर्षी तो खवणारा 'तुलाच पसंत पडत नाही' म्हणत सुटणार.

आगळ | मंगळवार, सकाळी ७.१५

हरतालिकेबद्दल कुणीच बोलत नाही. सगळ्यात जास्त राबायचा दिवस चतुर्थी आणि त्याच्या आदल्या दिवशी बाईचा उपास, काहींचा निर्जळ, वर रात्री जागरण. चतुर्थीला सकाळी डोकं ठणकतं आणि आरतीच्या वेळी चक्कर येते त्याचं मोठं कारण हेच, पोटात पाणीच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो.

ज्यांना निर्जळ करायचाच आहे त्यांनी त्या दिवशी दुपारनंतर चुलीपुढे उभं राहू नये, एवढं तरी पाळावं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मधुमेहाच्या किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांनी निर्जळ करू नये. बाकीच्यांनी शहाळं, फळं, ताक घ्यावं. जागरण अकराला थांबवावं.

चतुर्थीला स्वयंपाकघरात एक तांब्या-भांडं फक्त स्वतःसाठी भरून ठेवा आणि चुलीपुढे असेपर्यंत दर वीस मिनिटांनी अर्धं-पाऊण भांडं प्या. तहान लागल्यावर पिऊ म्हटलं की उशीर झालेला असतो. कोकमाचं आगळ पाण्यात घालून चिमूटभर साखर टाकली तरी चालतं, आगळात मीठ असतंच. गळून गेल्यासारखं वाटलं, जुलाब-उलटी झाली, तर घरचं मिश्रण असं: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

ऋषिपंचमी हा मला फुकट पडलेला दिवस वाटतो. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, भोपळा, सुरण, मक्याची कणसं, सगळं एका टोपात. फोडणी नाही, वाटण नाही. शिजायला चाळीस मिनिटं. वेळ जातो तो चिरण्यात, आणि ती कामं आदल्या रात्री ओटीवर पत्ते खेळणाऱ्यांत वाटून टाकता येतात. अळू-सुरण चिरणाऱ्याने हाताला खोबरेल लावावं आणि शिजताना चिंच-कोकम विसरू नये, नाहीतर घसा खाजतो आणि मग दोष रांधणारीला. त्या दिवशी बैल तर मोकळा असतोच, बाईला मोकळी करायला फक्त हा एक टोप पुरतो.

परंपरा जपा | मंगळवार, सकाळी ९.००

वर्षातून पाच दिवस देव घरी येतो. तेव्हा झोपा कसल्या काढायच्या? आमच्या आज्यांनी कधी तक्रार केली नाही.

माजघर | मंगळवार, सकाळी ९.१०

गावातल्या देवळात दुपारी गाभाऱ्याचं दार लोटून घेतात, ते कशासाठी?

खवणी | मंगळवार, सकाळी ९.१२

+१

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.३०

आरोग्याच्या बाजूने लिहिते. या कामाच्या बायका गणपती झाल्यावर दवाखान्यात दिसतात, आधी दिसल्या तर बरं.

झोप किती, हे आधी. रात्री सहा तास झोप झाली असेल तर दुपारी २०-३० मिनिटं पुरतात. गजर लावा, त्याहून लांबली की उठताना अंग जड आणि डोकं भणभण. रात्री चार-पाच तासच मिळाली असेल (पहाटेच्या गाडीने माणसं उतरली की तसंच होतं) तर सरळ दीड तास झोपा. मधली पाऊण-एक तासाची झोप सगळ्यात वाईट, ऐन गाढ झोपेतून उठावं लागतं.

झोप लागली नाही तरी पाठ सोडवता येते. चटईवर उताणं पडा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर किंवा लोड-गाद्यांच्या थप्पीवर ठेवा, म्हणजे कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात. दहा-पंधरा मिनिटं. वाकून लावणी केलेल्या कंबरेला गादीवर लोळण्यापेक्षा याने लवकर आराम पडतो. उठताना एकदम बसू नका, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा.

ओट्याशी उभं राहताना पायाखाली गोणपाटाची चौपदरी घडी घ्या आणि एक पाय आलटून-पालटून पाटावर ठेवा. उकड मळायची परात कोपरापेक्षा वीतभर खाली हवी. ओटा उंच पडत असेल तर खुर्चीवर बसून खालच्या टेबलावर मळा, म्हणजे खांद्याने नाही, अंगाच्या भाराने मळलं जातं.

चिखल्या अजून भरलेल्या नसतील तर आता पंधरा दिवस आहेत. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि बरं वाटलं तरी आणखी दोन आठवडे चालू ठेवा. भांडी घासणाऱ्या जागी अनवाणी बसलं की त्या परत उघडतात.

आणि ताप. शेतातल्या चिखलात काम झाल्यावर पाच ते चौदा दिवसांत, कधी महिन्यापर्यंतही, ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर 'दगदग झाली' म्हणून घरी गोळी घेऊन पडू नका. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि 'शेतात पाण्यात काम केलंय' हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. सणाच्या गडबडीत दोन दिवस ढकलले की मूत्रपिंडापर्यंत जातं.

थकवा सगळा कामाचाच असतो असंही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन १२च्या बरंच खाली असेल तर कितीही झोपा, जिना चढताना धाप लागू शकते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, आधी-नंतर तासभर अंतर ठेवा. चहाने लोह अंगी लागत नाही.

बिडाचा तवा | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

रात्रपाळीताई, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दलही लिहा ना. गणपती जवळ आले की मेडिकलवाल्याकडे तीच मागणी असते.

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

लिहिते. नॉरएथिस्टेरॉन ५ मि.ग्रॅ., दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, हा नेहमीचा डोस. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नसतो, त्यामुळे नेमका नैवेद्याच्या दिवशी डाग दिसतो आणि मग जास्त गोळ्या घेतल्या जातात. ते करू नका. रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, अर्धशिशी असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर ही गोळी नको. बाकीच्यांनीही डॉक्टरला विचारूनच. जाऊबाईंच्या उरलेल्या पाकिटातली तर नकोच.

जुन्या घरांत 'बाहेर बसणं' जाचक होतंच. पण त्या चार दिवसांत चुलीपासून सुटी मिळायची, ती आपण गोळीने घालवली आणि दुसरी कुठली घेतली नाही, हेही खरं.

बिडाचा तवा | मंगळवार, रात्री ८.३०

न्याहारीचा हिशोब कुणी केलाय का? वीस माणसं, प्रत्येकी चार घावणे, ८० घावणे. दोन तवे मांडले तरी सव्वा तास आणि एकाच तव्यावर अडीच तास धुरात. एवढ्यात नैवेद्याची निम्मी तयारी होते. माझं मत: घावणे पाच दिवसांत एकदाच, गौरी येतील त्या दिवशी किंवा मुलं फारच मागे लागली तर. चतुर्थीला सकाळी दडपे पोहे. वीस माणसांना किलोभर पातळ पोहे, दोन नारळांचं खोबरं, त्यांचंच पाणी, दोन-तीन काकड्या कोचवून (सणाला कांदा चालत नसेल तर), मिरची, लिंबू, मीठ, साखर, वर फोडणी. ओलावून, कालवून, वर ताटली आणि त्यावर वजन ठेवून अर्धा तास दडपायचे. चूल फक्त फोडणीपुरती. पोहे जाड निघाले तर दडपून भिजत नाहीत, दाताखाली येतात, तेवढं दुकानात बघून घ्या.

काळे वाटाणे माणशी ३५ ग्रॅम, म्हणजे ७०० ग्रॅम. रात्री भिजत, सकाळी पाच-सहा शिट्ट्या. वाटण आदल्या दिवशीच भाजून, वाटून ठेवायचं.

दुपारसाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पेंढ्याची पेटी. लाकडी खोका किंवा मोठी डाली घ्या. तळाला आणि चारही बाजूंना दाबून चार-चार इंच पेंढा, मधे टोप बसेल एवढी जागा, वरून गोधडीची जाड उशी. तांदूळ धुऊन, पाणी घालून चुलीवर रटरटून पाच मिनिटं शिजवा, झाकणासकट टोप पेटीत ठेवा, उशी दाबून बसवा. पाऊण-एक तासात भात तयार आणि एक वाजता पंगत बसेपर्यंत वाफाळता. तूरडाळ अर्धा तास भिजवून, दहा मिनिटं उकळून ठेवली तर दोन तासांत शिजते.

बिघडतं कुठे? टोप अर्धा रिकामा असेल तर उष्णता टिकत नाही, तीन चतुर्थांश तरी भरलेला हवा. 'झालं का बघू' म्हणून झाकण उघडलं की वाफ गेली आणि भात कच्चा. पेंढा गेल्या वर्षीचा कुबट निघाला तर भाताला वास लागतो. आणि चार तासांच्या वर पेटीत काही ठेवू नका, कोमट अन्न लवकर आंबतं. फायदा असा, की साडेअकराला चुली मोकळ्या होतात आणि भात लागेल का या धास्तीने कुणाला तिथे उभं राहावं लागत नाही.

पाणंद | बुधवार, सकाळी ६.५०

भांडी. दोनला बायका जेवतात आणि मग थेट मोरीवर बसतात, कारण 'खरकटं वाळेल'. वाळू नये म्हणून तर टब असतात. तीन ठेवा. पहिल्यात खरकटं निपटून भिजत टाकायची, दुसऱ्यात साबणाची, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. अडीचला सगळं पहिल्या टबात बुडवून दार लोटा. पावणेचारला ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांनी धुवायची, मऊ झालेली असतात, वीस मिनिटांत होतात. पिठूळ भांडी (उकडीची परात, मोदकपात्र) गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात पीठ आणखी चिकटतं. उकिडवं बसू नका, वीतभर उंचीचं स्टूल घ्या.

पितळेची समई, तांब्या, ताम्हण हे देवाचं. बाकी पितळ माळ्यावरच राहू दे. चिंच लावून हंडे-घंगाळं घासणं हे कुणाला दाखवायचं काम आहे ते कळत नाही.

पाणी: वीस माणसांना अंघोळी, संडास, भांडी धरून दिवसाला हजार लिटर तरी. भाद्रपदात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकी, पिंप, घंगाळ सगळं भरलेलं. सकाळी सहाला पंप बंद पडला की रहाटावर कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे. बंबाची लाकडंही आत्ताच पडवीत आणून रचा, ओलं लाकूड फुंकण्यात सकाळ जाते आणि डोळेही.

गुहागरी | बुधवार, सकाळी ११.३०

एवढा खटाटोप कशाला? बचत गटाला ऑर्डर द्या. सारण, करंज्या, लाडू, चकल्या, मोदकसुद्धा मिळतात. बायकांना रोजगार आणि घरच्या बाईला आराम.

खवणी | बुधवार, दुपारी १२.१०

आणि बचत गटातल्या बाईच्या घरी गणपती नसतो?

ऑर्डर जरूर द्या, पण कशाची आणि कधी, ते बघून. सुकं फराळाचं, मोदकाचं पीठ, भाजणी, वाटणं, खिरापत यांची ऑर्डर निदान आठ-दहा दिवस आधी आणि माल हरतालिकेच्या दोन दिवस आधी ताब्यात. चतुर्थीच्या सकाळी अकराला ताजे ८१ मोदक मागितलेत तर कुणीतरी बाई पहाटे दोनला उठणार, तुमची दुपार तिच्या रात्रीवर. पाच-सात दिवसांतल्या मधल्या एखाद्या दिवसाचे मोदक मागवले तर त्यांनाही बरं. आणलेले उकडीचे मोदक पाच-सहा तास चांगले राहतात, पंगतीआधी तीन-चार मिनिटं वाफ दिली की पुन्हा मऊ. पैसे आगाऊ द्या, गूळ-नारळ त्यांना रोखीनेच आणावा लागतो.

गुहागरी | बुधवार, दुपारी १२.४०

मान्य. हा विचार केला नव्हता.

ओवसा | बुधवार, रात्री ९.१५

सगळे झोपेवरच अडलेत. फुगडीचं काय? गौरीच्या रात्री बायका एकत्र जमतात तो वेळ त्यांचा स्वतःचा, झोपेइतकाच लागणारा. तो हुकतो कशाने, तर साडेनऊची जेवणं आणि मागचं आवरणं. फुगडी नऊला हवी असेल तर जेवण साडेसातला आणि साडेआठला स्वयंपाकघराचा दिवा बंद. रात्रीचं एकच असू दे, पेज किंवा भात-आमटी आणि दुपारचं उरलेलं. उरलेलं दुपारी दोनलाच फ्रीजमध्ये गेलेलं हवं, रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवून चालत नाही.

ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तिथे मासे-मटण साफ करणं, मसाला लावणं हे ज्याने बाजारातून आणलं त्यानेच करायचं. तिखटाची भांडी वेगळी असतात, तीही त्याच्याच नावावर.

खेळताना: शेणाने सारवलेलं खळं पावसाने निसरडं होतं, म्हणून पडवीत किंवा मोठ्या खोलीत खेळा, चटया उचलून. जेवणानंतर तासभर जाऊ दे. आधी झिम्मा, मग उभी फुगडी, अंग गरम झाल्यावर कोंबडा किंवा बसफुगडी. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी बसफुगडीला नुसती गाणी म्हणावीत, गाणी येणारी बाई तशीही कमीच असते. फुगडीत हात मनगटाशी घट्ट धरा, बोटं गुंतवून धरली तर घामाने सुटतात. साडीला निऱ्यांपाशी पिन नको, फाटते.

देवगडचो झील | बुधवार, रात्री ९.५०

आणि तेव्हा पोरांका सांभाळतलो कोण, ताय कागदार लिवा.

माजघर | गुरुवार, सकाळी ८.००

लिहिलं, नावासकट.

सगळं मांडून बघितलं. अकराला डाळ आणि साडेअकराला भात पेटीत, साडेबाराला आरती. पंगत दोन ऐवजी एकच, पुरुष-बायका एकदम, वाढायला दोन मुलगे आणि दोन मुली. त्यामुळे पाऊण तास वाचला, खरंतर तिथेच सगळं अडलेलं होतं. पावणेदोनला भांडी टबात. दोनला दार लोटलं.

एकच अडतंय. दर्शनाला येणारे. ते तीनला येतात, ओटीवरून 'कोण आहे का घरात' म्हणतात आणि आतली बाई केस सारखे करत उठते. पाणी, प्रसाद, कुंकू, 'चहा घेऊनच जा'.

आगळ | गुरुवार, सकाळी ८.३५

त्याला खिरापतीचा डबा. सुकं खोबरं किसून भाजलेलं, खडीसाखर, खारीक पूड, खसखस, बेदाणे. खोबरं मंद आचेवर कोरडं भाजलं आणि पूर्ण गार करून भरलं तर दहा-बारा दिवस खवट होत नाही. गरम भरलं तर झाकणाला घाम सुटतो आणि बुरशी. डबा, चमचा, कागदाचे तुकडे, पाण्याची कळशी, पेले, हळद-कुंकवाचा करंडा, सगळं ओटीवर देवाच्या पाटाशेजारी. चौदा-पंधरा वर्षांचं एक पोर दोन ते साडेतीन तिथे बसवायचं. त्याला एकच सांगायचं: आत हाक मारायची नाही. कुणी विचारलंच तर 'आई निजली आहे' म्हणायचं. 'कामात आहे' नाही म्हणायचं, कामात आहे म्हटलं की माणसं थांबतात.